सेल्फ फिरूनही इंजिन सुरू न होणे

सेल्फ फिरूनही इंजिन सुरू न होणे हा अंतर्ज्वलन इंजिनावर चालणाऱ्या मोटारगाडीतील एक नित्याचा बिघाड आहे. चावी फिरवल्यावर किंवा बटण दाबल्यावर स्टार्टर मोटर इंजिनाला नेहमीच्या वेगाने फिरवते, परंतु इंजिन स्वतःच्या शक्तीने चालू लागत नाही, अशी ही अवस्था होय. इंधन, ठिणगी, हवा व संपीडन यांपैकी एखाद्या घटकाचा अभाव किंवा त्यांच्या वेळेतील विसंगती हे तिचे मूळ असते. रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर या तालुक्यांसारख्या अतिपर्जन्याच्या, पूरप्रवण आणि घाटांनी वेढलेल्या प्रदेशात या बिघाडाला एक वेगळे परिमाण लाभते. गाडी पाण्यात बुडाली असेल, तर निदानासाठी एकदाही सेल्फ मारणे इंजिनाच्या नाशाला कारण ठरू शकते.

संज्ञा

स्टार्टर मोटरला बोलीभाषेत ‘सेल्फ’ म्हणतात. ‘सेल्फ स्टार्टर’ या जोडशब्दाचा पूर्वार्ध तेवढा मराठीत रुळला. विजेवर चालणारा सेल्फ चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने १९११ मध्ये सिद्ध केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो प्रथम बसवण्यात आला. तत्पूर्वी इंजिनाच्या पुढील टोकाशी लोखंडी दांडा अडकवून ते हाताने फिरवावे लागे. ‘हँडल मारणे’ हा वाक्प्रयोग त्यातून आला आणि जुन्या जीप व मालमोटारी रस्त्यावर असेपर्यंत तो बोलण्यात टिकून होता.

‘गाडी चालू होत नाही’ या एकाच वाक्यात दोन निरनिराळे बिघाड दडलेले असतात. चावी फिरवल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज येणे, दिवे मंदावणे किंवा काहीच न घडणे हा बॅटरी, तिच्या तारा अथवा खुद्द सेल्फ यांतील दोष आहे. सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन चालू होत नाही, तेव्हा बॅटरीला दोष देण्याचे कारण नसते. फिटरला दूरध्वनी करताना हा भेद स्पष्ट सांगितला, तर तो योग्य सुटे भाग व हत्यारे घेऊन येतो. घाटातील गाडीबाबत त्यामुळे एक अख्खी खेप वाचते.

गाडीला धक्का मारण्याचा उपाय पहिल्या प्रकारच्या बिघाडावरचा आहे. २००८ सालच्या ‘दे धक्का’ या चित्रपटाच्या नावातही शिरलेला हा उपाय सेल्फ नीट फिरत असताना मात्र निरुपयोगी ठरतो, कारण धक्क्याने इंजिन फिरते एवढेच आणि ते काम सेल्फ आधीच करत असतो. उलट न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातील उत्प्रेरक परिवर्तकात साचून तो खराब होण्याचा संभव असतो.

इंजिन सुरू होण्याची क्रिया

सेल्फ इंजिनाला साधारणतः मिनिटाला २०० ते ३०० फेरे या गतीने फिरवतो. या अवधीत पेट्रोल इंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये येऊन दाबले जाते आणि योग्य क्षणी स्पार्क प्लगची ठिणगी पडते. डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसते. तेथे हवा इतकी दाबली जाते, की तिच्या उष्णतेने नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. पहिले एक-दोन स्फोट झाले की इंजिन स्वतः गती घेते व सेल्फ बाजूला होतो. सध्याच्या गाड्यांत ठिणगी व इंधन यांची वेळ संगणकीय नियंत्रक ठरवतो आणि त्यासाठी क्रँकशाफ्टची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरवर तो अवलंबून असतो. हा बोटाएवढा सेन्सर मुका झाला, की इंधन व ठिणगी दोन्ही एकदम थांबतात. अनेक गाड्यांत सेल्फ फिरताना इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा किंचितही हलत नसेल, तर संशय प्रथम याच सेन्सरवर घ्यावा.

आवाजावरून निदान

अनुभवी फिटर बॉनेट उघडण्यापूर्वी एकदा सेल्फ मारायला सांगून कान देतो. निरोगी इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या दाबाबरोबर आवाज चढतो-उतरतो आणि त्यातून एक ठेका तयार होतो. हा ठेका मंद व जड असेल तर बॅटरी उतरलेली आहे. पूर्ण भारित बॅटरी स्थिर अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ते ९.६ व्होल्टच्या खाली गेले, तर सेल्फ फिरत असूनही नियंत्रक नीट काम करीलच असे नाही. ठेका नाहीसा होऊन पंख्यासारखा एकसुरी, नेहमीपेक्षा वेगवान घरघराट येऊ लागला, तर टायमिंग बेल्ट तुटला असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी पुन्हा सेल्फ मारू नये; बऱ्याच इंजिनांत उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनला लागून वाकतात. तिसरा आवाज सर्वांत अशुभ: सेल्फ अर्धा-एक फेरा घेतो आणि ‘ठक्’ करून अडतो. सिलिंडरमध्ये पाणी शिरल्याचे ते लक्षण असू शकते.

ठेका नेहमीसारखा असेल तरच पुढची तपासणी सेल्फ मारून करता येते. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक काळ सेल्फ मारू नये व दोन प्रयत्नांत किमान अर्ध्या मिनिटाचे अंतर ठेवावे. हे पथ्य न पाळल्यास मूळ दोष राहतो बाजूला आणि बॅटरी व सेल्फ हे दोन नवे रोगी तयार होतात.

पेट्रोल इंजिन

चावी पहिल्या टप्प्यावर आणताच मागील आसनाच्या बाजूने दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. तो टाकीतील विद्युत पंपाचा आवाज असतो. तो न आल्यास पंपाचा फ्यूज व रिले पाहावा. त्याच मापाचा दुसरा रिले डब्यात असेल तर अदलाबदल करून पाहणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. पंप चालतो, बराच वेळ सेल्फ मारूनही सायलेन्सरशी पेट्रोलचा वास येत नाही, तर इंधन पोहोचत नाही असे समजावे. वास तीव्र येत असेल तर इंधन येते पण जळत नाही. दोष ठिणगीकडे आहे किंवा प्लग पेट्रोलने भिजले आहेत. भिजलेल्या प्लगांसाठी इंजेक्शनच्या गाड्यांत एक सोय असते: अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवून सेल्फ मारल्यास बहुतेक नियंत्रक इंधन बंद करतात व नुसती हवा आत जाऊन सिलिंडर कोरडे होतात.

प्लगची तार उपसून ठिणगी डोळ्यांनी पाहण्याची जुनी रीत आता टाळावी. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाड्यांत हजारो व्होल्टचा झटका बसतो आणि नियंत्रकही जळू शकतो. डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या गाड्यांत मात्र पावसाळी दमटपणाने झाकणाच्या आत दव धरते व ठिणगी भलतीकडे निसटते. झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसणे एवढाच तिथला उपचार असे.

पेट्रोलमधील पाणी हा अलीकडे वाढलेला प्रश्न आहे. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण गाठले गेले. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले, की पाणी व इथेनॉल यांचा एकत्र थर पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतो. पंप तळातूनच ओढत असल्याने इंजिनाला हाच थर मिळतो. पेट्रोल भरल्यानंतर थोड्याच अंतरावर गाडी बंद पडली, तर टाकीतील थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून आगीपासून दूर स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसल्यास शंका खरी ठरते. पेट्रोल भरल्याची पावती जपून ठेवण्याचा उपयोग अशा वेळी कळतो.

सीएनजीवर चालणाऱ्या बहुतेक गाड्या प्रथम पेट्रोलवर सुरू होतात व मग वायूवर जातात. भाड्याच्या गाड्यांत पेट्रोलची टाकी वर्षानुवर्षे तळाला ठेवली जाते. पंपाला थंड ठेवणारे पेट्रोलच नसल्याने तो जळतो आणि सिलिंडर भरलेला असूनही गाडी सुरू होत नाही.

डिझेल इंजिन

डिझेल गाडीत प्रथम विचार ‘एअर घेतली’ का, याचा करावा. टाकी रिकामी होणे, फिल्टर नीट न बसणे किंवा नळीला चीर जाणे यांमुळे इंधनमार्गात हवा शिरते. जुन्या यांत्रिक पंपाच्या जीप व मिनीडोअरमध्ये चालक स्वतःच हातपंप मारून व नळीचा बोल्ट सैल करून फेस जाईपर्यंत हवा काढत. कॉमन रेल पद्धतीत मात्र उच्चदाबाच्या नळ्या सैल करणे जिवावर बेतू शकते; तेथील डिझेलची चिळकांडी कातडी भेदून आत शिरते. या गाड्यांत फिल्टरजवळील रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबणे, किंवा विद्युत पंप असल्यास चावी अनेकदा चालू-बंद करणे, एवढेच वाटेत करावे. रेलमध्ये ठरावीक दाब तयार झाल्याशिवाय नियंत्रक नोझल उघडत नाही, त्यामुळे एअर घेतलेली गाडी सुरू होण्यास दोन-चार प्रयत्न लागणे स्वाभाविक आहे. फिल्टरच्या तळाशी पाणी सोडण्याचा स्क्रू असतो. कोकणातील दमट हवेत तो दर पावसाळ्याआधी व नंतर उघडून पाहणे उपयुक्त असते.

इमोबिलायझर व उंदीर

डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत असेल, तर गाडीने चावी ओळखलेली नाही. सेल्फ फिरतो, क्वचित इंजिन क्षणभर चालते आणि बंद पडते. दुसरी चावी वापरून पाहणे हा पहिला उपाय. त्यासाठी ती घरातील कपाटात नव्हे, तर प्रवासात सोबत हवी, अर्थात गाडीच्या बाहेर कोणाच्या तरी खिशात.

उंदरांनी तारा कुरतडणे हे कारण हास्यास्पद वाटले तरी ग्रामीण रायगडात ते उपेक्षणीय नाही. भातशेतीलगत किंवा वाड्यात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या इंजिनाची ऊब पावसाळ्यात उंदरांना सोयीची पडते. आठवडाभर उभी असलेली, बंद करताना पूर्ण ठीक असलेली गाडी एकाएकी सुरू होत नसेल, तर बॉनेटखाली लेंड्या, गवत किंवा तारांचे कुरतडलेले आवरण शोधावे. ओबीडी यंत्र जोडून मिळणाऱ्या सांकेतिक क्रमांकांत अशा वेळी एकाच वेळी अनेक सेन्सर बिघडल्याचे दिसते. ते सगळे बदलण्यापूर्वी तारांचा जुडगा तपासावा.

महाडचा पूर आणि बुडालेली गाडी

महाड शहर सावित्री नदीच्या काठी वसले आहे. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी पोलादपूरवरून महाडला येते. गांधारी व काळ या नद्याही याच परिसरात तिला मिळतात. घाटमाथ्यावरील अतिवृष्टी आणि खाडीतील भरती एकाच वेळी आल्यास पाण्याला वाट उरत नाही. २२ जुलै २०२१ रोजी असेच घडले. महाबळेश्वर येथे २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि महाडची बाजारपेठ व सखल वस्त्या पाण्याखाली गेल्या. अशा पुरात गल्लीबोळांत व इमारतींच्या तळमजल्यावरील वाहनतळांत उभ्या असलेल्या गाड्या जागच्या जागी बुडतात.

पाणी ओसरल्यावर मालकाचा हात प्रथम चावीकडे जातो. गाडी बाहेरून धुतलेली व कोरडी दिसते, बॅटरी शिल्लक असेल तर दिवेही लागतात, आणि ‘एकदा मारून तर बघू’ असे वाटते. नुकसान नेमके येथे होते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर ढकलला गेला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. सेल्फच्या ताकदीनेही तो वाकू शकतो. इंजिन क्षणभर जरी चालू झाले तर रॉड तुटून ब्लॉकला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. किंचित वाकलेल्या रॉडचे इंजिन पुढे काही काळ चालतेही आणि मग महिन्यांनी अकस्मात निकामी होते.

पाणी सायलेन्सरमधून शिरते असा सार्वत्रिक समज आहे. चालत्या गाडीत धोक्याचा मुख्य मार्ग हवा आत घेणाऱ्या नळीचा असतो आणि तिचे तोंड अनेक गाड्यांत हेडलाइटच्या मागे किंवा जाळीच्या वरच्या भागात असते. म्हणून पाण्यातून जाताना समोर उठणारी लाट महत्त्वाची. पाण्यात इंजिन बंद पडल्यास पुन्हा सेल्फ न मारता माणसांनी आधी बाहेर पडावे. फूटभर वाहत्या पाण्यातही लहान मोटार तरंगून वाहू शकते.

बुडालेल्या गाडीबाबत क्रम असा असतो. चावी लावू नये. पाण्याची रेषा गाडीवर कोठवर आली आहे, याची छायाचित्रे गाडी धुण्यापूर्वी घ्यावीत. पायपुसणी, आसन की डॅशबोर्ड यावर दुरुस्तीचा अंदाज व विम्याचा दावा दोन्ही ठरतात. बॅटरीची ऋण तार सोडवावी. इंजिन ऑइलची पट्टी ओढून पाहावी. ऑइल दुधाळ, दूध घातलेल्या चहाच्या रंगाचे झाले असेल तर पाणी आत गेले आहे. मात्र ऑइल स्वच्छ असले म्हणून सिलिंडर कोरडे आहेत असे सिद्ध होत नाही. त्यानंतर फिटर हवेचा फिल्टर व त्याची नळी पाहतो, सर्व स्पार्क प्लग (डिझेलमध्ये नोझल किंवा ग्लो प्लग) काढतो, इंजिन हाताने फिरवतो आणि मगच प्लगांच्या उघड्या छिद्रांतून पाणी बाहेर पडेल अशा रीतीने थोडा सेल्फ मारतो. ऑइल, फिल्टर व गिअरबॉक्सचे तेल बदलले जाते, टाकीतील इंधन काढले जाते. पुराच्या पाण्याबरोबर आलेला बारीक गाळ सेल्फ व अल्टरनेटरमध्ये जाऊन बसतो, त्यामुळे तेही उघडून धुवावे लागतात.

थांबण्यालाही मर्यादा आहे. सिलिंडरमध्ये राहिलेले पाणी काही दिवसांतच गंज धरवते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि सेल्फ फिरेनासा होतो. महापुरानंतर शहरातील गॅरेजेसही पाण्यात गेलेली असतात, वीज व दूरध्वनी बंद असतात आणि माणसांची, घरांची विवंचना अर्थातच आधीची असते. अशा वेळी गॅरेजपर्यंत गाडी नेणे शक्य नसले, तरी जाणत्या माणसाकडून प्लग काढून घेऊन प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडून ठेवणे हा मधला मार्ग असतो.

मोटार विम्याच्या स्वनुकसान संरक्षणात पुराचा समावेश असतो. परंतु पाणी शिरलेले इंजिन सुरू करण्याच्या प्रयत्नातून झालेली हानी ही पुराची नव्हे, तर त्यानंतरच्या कृतीची मानून विमा कंपन्या सहसा नाकारतात. ‘इंजिन प्रोटेक्ट’ या नावाचे पूरक संरक्षण जादा हप्ता भरून घेतलेले असल्यास अशी हानी त्यातील अटींनुसार मिळू शकते. नदीकाठच्या गावात राहणाऱ्याने पॉलिसीवर हे दोन शब्द आहेत की नाहीत, हे जूनच्या आधी पाहून ठेवणे इष्ट.

घाटातील बिघाड

पोलादपूरहून निघणारे रस्ते लगेच चढाला लागतात. आंबेनळी घाट प्रतापगडाच्या पायथ्याजवळून महाबळेश्वरला जातो, राष्ट्रीय महामार्ग ६६ वरील कशेडी घाट रत्नागिरी जिल्ह्यातील खेडकडे उतरतो, तर महाडहून भोरकडे वरंधा घाट चढतो. या मार्गांवर भ्रमणध्वनीला सर्वत्र संपर्क मिळत नाही आणि पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते बंद होतात.

चढावर टाकीतील इंधन एका बाजूला सरकते. काटा लाल पट्ट्याजवळ असताना तीव्र चढावर गाडी थांबवली, तर पंपाचे तोंड उघडे पडून पुन्हा इंजिन सुरू होत नाही आणि डिझेल गाडी एअर घेते. घाट चढण्यापूर्वी किमान पाव टाकी इंधन असावे, हा चालकांचा जुना संकेत याच कारणाने योग्य आहे. ‘वर हवा विरळ म्हणून गाडी चालू होत नाही’ हे स्पष्टीकरण मात्र ग्राह्य नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेची घनता साधारण १२ टक्क्यांनी कमी असते. त्याने इंजिनाची ताकद घटते, पण निरोगी इंजिन सुरू होण्याचे थांबत नाही.

कार्ब्युरेटर असलेल्या प्रीमियर पद्मिनी व अँबॅसेडरच्या काळात उन्हाळ्यातील घाटात पेट्रोलची वाफ होऊन नळीत अडून बसे. चालक बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ओले फडके टाकत व वीस-पंचवीस मिनिटे थांबत. टाकीतच पंप असलेल्या इंजेक्शनच्या गाड्यांत हा प्रकार जवळपास नाहीसा झाला आहे. आजच्या गाडीवर ओले फडके टाकण्याने विजेच्या जोडण्या तेवढ्या भिजतात. गरम असताना बंद पडणारी व थंड झाल्यावर आपोआप सुरू होणारी आजची गाडी बहुधा क्रँकशाफ्टचा सेन्सर किंवा पंप निकामी होऊ लागल्याचे सांगत असते. ती सुरू झाली म्हणून घाट पुढे चढण्यापेक्षा पोलादपूरला परतावे.

वळणावर गाडी बंद पडल्यास धोक्याचे दिवे लावून, चाकांना दगडांची उटी देऊन, मागे पुरेशा अंतरावर त्रिकोणी फलक ठेवावा. दरडीच्या बाजूला किंवा गाडीच्या मागे उभे राहू नये. इंजिन बंद असताना ब्रेकची व स्टिअरिंगची साहाय्यक शक्ती नाहीशी होते, म्हणून बंद गाडी उतारावर सोडून गावापर्यंत नेण्याचा प्रयत्न करू नये. गाडी ओढून न्यायची असेल तर तिच्या गिअरबॉक्सचा प्रकार क्रेनवाल्याला आधी सांगावा: स्वयंचलित गिअरबॉक्सची गाडी चालणारी चाके जमिनीवर ठेवून ओढल्यास गिअरबॉक्स निकामी होतो, तिला सपाट पाठीच्या वाहनावर चढवूनच न्यावे लागते.